ऑफ-रोड गटांच्या आयोजकांनो, ‘फक्त फोर-बाय-फोर’ ही अट पुन्हा तपासा

ऑफ-रोड गटांचे आयोजक, ताफ्याचे मार्गदर्शक आणि फोर-बाय-फोर गाड्यांचे मालक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या गाडीच्या इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते; फोर-बाय-फोरमध्ये ती चारही चाकांना जाते. (मराठीत ‘दोनचाकी’ म्हटलं की मोटरसायकलच डोळ्यांसमोर येते, म्हणून इथे टू-व्हील-ड्राइव्ह हाच शब्द वापरतो.) गाडी लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर बांधलेली) आहे, उंच आहे, टायर ऑल-टेरेन आहेत, पुढे-मागे फ्रेमला बोल्ट केलेले हुक आहेत. ट्रान्सफर केस (चारही चाकांकडे ताकद वाटणारी गिअरपेटी) नाही, त्यामुळे लो रेंजही (अवघड जागी संथ पण जास्त जोराने जाण्याचे गिअर) नाही. गेली सात वर्षं मी तिला घेऊन डांबर संपतं तिथून पुढे जातोय. या सात वर्षांत वाळूने किंवा दगडांनी मला जितक्या वेळा परत पाठवलं, त्याहून जास्त वेळा तुमच्या नोंदणीच्या अर्जातल्या एका ओळीने पाठवलंय: ‘फक्त फोर-बाय-फोर गाड्यांसाठी.’

त्या ओळीबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. टायरमधली हवा कधी काढायची, चढावर थांबायचं कुठे, हे मला तुमच्यापैकीच काहींनी शिकवलं. म्हणून तक्रार इतर कुणाकडे न करता थेट तुम्हालाच लिहितोय.

आधी तुमची बाजू. ती खोटी नाही. चढावर गाडीला वर ढकलण्यासाठी जी पकड लागते, ती ओढणाऱ्या चाकांवर किती वजन आहे यावर ठरते. चारही चाकं ओढत असतील तर गाडीचं सगळं वजन कामाला येतं. माझ्या गाडीत मागच्या धुरीवर (ॲक्सलवर) जेवढं पडतं तेवढंच, म्हणजे साधारण निम्मं. चढावर वजन मागे सरकतं, त्याचा मला थोडा फायदा होतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला नेमका तोटा होतो. पण ओल्या चिकणमातीच्या उभ्या चढावर हा थोडा फायदा पुरत नाही, हे मी अंगावर घेऊन शिकलोय. पहिल्याच वर्षी एका ताफ्यात मी खाली उतरून चढ न बघता गाडी घातली. अर्ध्यावर चाकं फिरायला लागली, मी घाबरून ॲक्सिलरेटर आणखी दाबला आणि दोन मिनिटांत मागची धुरी मातीवर टेकली. मागच्या तीन गाड्या दोन तास खोळंबल्या. चूक पूर्णपणे माझी होती. तो दिवस मी विसरलेलो नाही आणि तसल्या चढावर मला न्या असं मी आजही म्हणत नाही. मोठमोठ्या दगडांची वाट, गुडघाभर चिखल, सलग मऊ वाळूचे उंच डोंगर या जागा लो रेंजवाल्यांच्याच.

माझा आक्षेप वेगळा आहे. तुमची अट ज्या गोष्टीची परीक्षा घेते, ती गोष्ट ताफ्याला अडकवणारी किंवा सोडवणारी नसते.

एक प्रसंग सांगतो. कोरड्या ओढ्याचं पात्र होतं, त्यात आडवा-तिरका खड्डा पडलेला. माझ्या पुढे एक नवीकोरी फोर-बाय-फोर होती. चालकाने सरळ नाक घुसवलं. गाडी तिरकी झाली, पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी जमिनीवरून सुटलं. ती दोन चाकं हवेत गरगर फिरत होती आणि जमिनीवरची दोन चाकं जागची हलत नव्हती. इंजिन ओरडतंय, गाडी एक वीत पुढे सरकत नाही. तुमच्यातल्या जाणत्यांना कारण सांगायला नको, पण नव्या मंडळींसाठी सांगतो. डिफरेन्शियल म्हणजे धुरीवरच्या डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरची रचना. साधं, म्हणजे उघडं डिफरेन्शियल दोन्ही बाजूंच्या चाकांना सारखाच जोर देतं. एका चाकाला पकडच उरली नाही, तर त्याला फिरवायला लागतो तेवढाच नगण्य जोर दुसऱ्यालाही मिळतो. दोन्ही धुऱ्यांवर असंच डिफरेन्शियल असेल आणि प्रत्येक धुरीचं एकेक चाक हवेत असेल, तर चारही चाकांना ताकद देणारी गाडीसुद्धा जागच्या जागी उभी राहते. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं कुलूप) असता किंवा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारं ट्रॅक्शन कंट्रोल चालू असतं, तर ती निघाली असती. त्या गाडीत लॉकर नव्हता आणि ट्रॅक्शन कंट्रोल चालकाने कुणाचं तरी ऐकून बंद केलं होतं.

तिला ओढून बाहेर काढल्यावर माझी पाळी आली. मार्गदर्शकाने हाताने खूण केली: राहू द्या, तुम्ही मागे वळवा. मी पाच मिनिटं मागून घेतली. खाली उतरलो, खड्ड्याच्या दोन्ही कडा चालून बघितल्या. डावीकडे चारेक पावलांवर कड थोडी ढासळलेली होती. तिथून काटकोनात उतरलं तर मागची दोन्ही चाकं एकाच वेळी खाली येतील आणि एकाच वेळी वर चढतील, हे दिसत होतं. पात्रात भुसभुशीत रेती होती, म्हणून टायरमधली हवा ३२ पीएसआयवरून १८ वर आणली. हवा कमी केली की टायर जमिनीला जास्त लांबवर टेकतो आणि रेतीत खणत जाण्याऐवजी वरून चालतो. डोक्याएवढे दोन दगड बाजूला केले. दुसरा गिअर, एकसारखा वेग, मध्ये कुठेही ब्रेक नाही. चढाच्या शेवटच्या हातभर जागेत उजवं चाक फिरायला लागलं, तेव्हा हँडब्रेक दोन खटके ओढला. माझा हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागतो. फिरणाऱ्या चाकाला थोडा अटकाव झाला की दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. गाडी वर आली.

पलीकडे पोचल्यावर एकजण म्हणाला, ‘नशीब जोरावर आहे तुमचं.’ मी तेव्हा काही बोललो नाही. आज बोलतो. त्यात नशिबाचा भाग फार थोडा होता. चालून बघणं होतं, हवा काढणं होतं, चाकं कुठे पडतील याचा विचार होता. मी हे सगळं करतो, कारण माझ्या गाडीत चूक पोटात घालणारी यंत्रणा नाही. मला प्रत्येक ट्रेल आधी पायाने चालावी लागते. असा चालक ताफ्याला ओझं कसा होतो, ते मला खरंच समजत नाही.

फक्त मागच्या चाकांच्या जोरावर माणसांनी काय काय केलंय, तेही आपल्या छंदाच्याच इतिहासात आहे. ब्रूस मेयर्सने १९६४ मध्ये फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर फायबरग्लासची बॉडी चढवून मेयर्स मँक्स ही बग्गी बनवली. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात पहिली मेक्सिकन १००० शर्यत झाली, ती व्हिक विल्सन आणि टेड मँगेल्स यांनी मँक्समधूनच जिंकली, २७ तास ३८ मिनिटांत. त्या गाडीचं गुपित साधं होतं: वजन कमी, आणि जे होतं त्यातलं बरंच, इंजिनासकट, ओढणाऱ्या मागच्या चाकांवर. वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या डकार शर्यतीत जाँ-लुई श्लेसरने १९९९ आणि २००० मध्ये टू-व्हील-ड्राइव्ह बग्गी चालवून विजेतेपद मिळवलं. पुढे २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं प्यूजोच्या, तर २०२० आणि २०२१ मध्ये मिनीच्या टू-व्हील-ड्राइव्ह बग्गीने डकार जिंकली. हे मान्य की नियमांनी त्या बग्ग्यांना मोठे टायर, सस्पेन्शनचा जास्त प्रवास (म्हणजे चाकांना वर-खाली व्हायला जास्त वाव) आणि चालत्या गाडीत टायरची हवा कमी-जास्त करण्याची मुभा दिली होती. माझ्या गाडीची त्यांच्याशी बरोबरी मी करत नाही. पण त्या सवलती कशाच्या होत्या ते बघा. टायर, सस्पेन्शन, हवा. चालणारी चाकं दोन असली तरी या तीन गोष्टी नीट असतील तर गाडी कुठवर जाते, हे जगातल्या सगळ्यात खडतर शर्यतीने दाखवून दिलंय. तुमच्या अर्जात या तिन्हींपैकी एकाबद्दलही प्रश्न नसतो.

आता त्या ओळीचा खरा परिणाम सांगतो, आणि हे पत्र लिहायला बसण्याचं कारणही तेच आहे.

ज्याला तुम्ही नाही म्हणता, तो घरी बसत नाही. तो एकटा जातो.

मीही गेलो होतो. तिसऱ्या वर्षी, सलग दोन ठिकाणी नकार आल्यावर, एका नदीकाठच्या वाळूत मी एकटाच गाडी घेऊन उतरलो. हवा काढली होती, फावडं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला वळण घेताना वेग गेला आणि मागची चाकं खाली बसली. फोनला रेंज नव्हती. फावड्याने चाकांपुढची वाळू काढायची, पायाखालच्या रबरी मॅट चाकाखाली सरकवायच्या, हातभर पुढे जायचं, पुन्हा खाली बसायचं. पाणी पाचच्या आतच संपलं. अंधार पडायच्या सुमाराला गाडी टणक जमिनीवर आली तेव्हा माझ्या तळहातांची सालं निघाली होती आणि पाय थरथरत होते. सोबत एक गाडी आणि एक पट्टा असता तर ते काम दहा मिनिटांचं होतं. त्या संध्याकाळी मला वाळूची भीती वाटली नाही. मी इथे आहे हे कुणालाच माहीत नाही, याची वाटली.

तुम्ही सगळे नव्या माणसाला पहिला धडा हाच देता की एकटं जाऊ नये. धडा बरोबर आहे. पण मग ज्याच्याकडे फोर-बाय-फोर नाही त्याने कुणाबरोबर जायचं? तुमचं दार बंद म्हणजे त्याच्यासाठी शिकण्याची जागाच बंद. काहीजण मग ऐपत नसताना कर्ज काढून फोर-बाय-फोर घेतात आणि पहिल्याच दिवशी समजतात की आता काही शिकायची गरज उरली नाही. दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्यात. कुठली जास्त धोक्याची, ते मला ठरवता येत नाही.

जिथे आम्हाला येऊ देतात तिथे आमची जागा बहुधा ठरलेली असते. ‘तुम्ही इथेच थांबा, आम्ही जाऊन येतो.’ सामान आमच्या गाडीत, फोटो आम्ही काढायचे, ज्याची गाडी बिघडली त्याला मुख्य रस्त्यापर्यंत आम्ही सोडायचं. ही कामं मी आनंदाने केलीत, पुढेही करीन. ताफ्यात प्रत्येकाने काहीतरी करायचंच असतं. फक्त, ती मी माझ्या आवडीने करतोय की माझ्या गाडीच्या मागे ‘फोर-बाय-फोर’चा बिल्ला नाही म्हणून माझ्या वाट्याला येतायत, हा फरक आत कुठेतरी लागतो. माझ्यासारख्या एका मित्राने दोन वर्षांत येणंच सोडलं. चांगला चालक होता.

मग गाडीत तपासायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी हुक तपासा. एका ड्राइव्हमध्ये माझी गाडी रुतली, तेव्हा मदतीला आलेल्या माणसाने स्नॅच स्ट्रॅपचं (रुतलेली गाडी झटक्याने ओढायच्या, ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याचं) एक टोक माझ्या हुकात अडकवलं आणि दुसरं टोक स्वतःच्या गाडीच्या मागच्या टो-बॉलवर टाकलं. टो-बॉल म्हणजे ट्रेलर जोडायचा तो लोखंडी गोळा. मी ओरडून त्याला थांबवलं. टो-बॉल संथ ओढण्यासाठी बनवलेला असतो. ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याचा झटका सोसण्यासाठी नाही. तो तुटला तर पट्ट्यात साठलेला सगळा ताण त्या गोळ्याला गोफणीसारखा फेकतो. काच फोडून आत येतो. यात माणसं मेलेली आहेत. त्या दणकट, उंच केलेल्या फोर-बाय-फोरला मागे रिकव्हरी पॉइंटच, म्हणजे ओढण्यासाठी फ्रेमला जोडलेला मजबूत हुकच, नव्हता. तरी त्या दिवशी अर्जावर तिला प्रवेश होता आणि मी ‘विशेष परवानगीने’ आलो होतो.

म्हणून अर्जात विचारा: पुढे आणि मागे फ्रेमला जोडलेला रिकव्हरी पॉइंट आहे का? पोटाखाली किती जागा आहे? टायर कुठले, किती झिजलेले? पूर्ण आकाराची स्टेपनी आहे का? हवा मोजायचं आणि भरायचं साधन आहे का? याआधी कुठल्या प्रकारच्या जमिनीवर चालवलंय? ही उत्तरं वाचून कुणाला घ्यायचं ते ठरवा. मला नाही म्हणालात तरी चालेल, निदान कारण कळेल.

आणि ट्रेलबद्दल खरी माहिती द्या. ‘मध्यम अवघड’ या दोन शब्दांवरून मला काहीच कळत नाही. सगळ्यात उंच पायरी किती इंचांची, वाळूचा पट्टा सलग किती लांब, पाणी गुडघ्याखाली की वर, चढ मातीचा की मुरमाचा, पाऊस पडला तर काय होतं, आणि अवघड जागेला वळसा आहे का. एवढं लिहिलंत तर निम्मे लोक स्वतःच ठरवतील की यावं की नाही. मला तर अशी माहिती मिळाली असती तर त्या पहिल्या वर्षीच्या चढावर मी गेलोच नसतो.

मार्गदर्शकांसाठी थोडं, कारण आम्हाला घेऊन चालायचं तर काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. टू-व्हील-ड्राइव्ह गाडीला सवयीने शेपटाला ठेवू नका. चिखल असेल तर आधीच्या गाड्या चाकोऱ्या खोल करत जातात आणि शेवटच्याच्या वाट्याला सगळ्यात वाईट जमीन येते. तिथे आम्हाला लवकर सोडा. मऊ वाळूत उलट आहे, पुढच्यांच्या चाकांनी दाबलेली वाट आम्हाला मदत करते. तिथे मध्ये ठेवा. पुढची गाडी चढ पूर्ण चढून बाजूला होईपर्यंत आम्हाला खालीच थांबवा, कारण चढाच्या मधोमध थांबलो तर पुन्हा निघणं कठीण. खूण करताना ओढणाऱ्या चाकांकडे बघा. माझ्या गाडीत मागची. कुणाची पुढची असतील आणि चढ छोटा, मोकळा असेल, तर त्याला उलटं, रिव्हर्समध्ये चढवून बघता येतं. तेव्हा वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं. उतारावर एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रेक सगळ्यांच्याच चारही चाकांना असतात, पण माझा इंजिन-ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि उतारावर तीच हलकी झालेली असतात. ओल्या उतारावर मागची बाजू घसरू शकते. म्हणून मी हळू उतरतो. मागून हॉर्न वाजवू नका.

आमच्याकडूनही काही शब्द द्यायला हवेत. पकड कमी पडली की आम्ही वेगावर भागवतो, आणि वेगाने फिरणारी चाकं वाट खणतात. ज्या मातीवरून आपण जातो ती पुढच्या पावसात वाहून जाऊ नये ही जबाबदारी आमचीही आहे. म्हणून मी स्वतःपुरता नियम केलाय: एका अडथळ्याला दोन प्रयत्न. दुसऱ्यांदा चाकं जागीच फिरायला लागली की ॲक्सिलरेटर सोडायचा, उलट उतरायचं, वळसा किंवा माघार. मार्गदर्शक ‘इथून परत’ म्हणाला तर वाद घालायचा नाही. ओढून काढायची वेळ आली तर फावडं आधी मी उचलायचं. हे तिन्ही मी पाळतो. टू-व्हील-ड्राइव्हवाल्यांकडून तुम्ही हे लेखी घेतलंत तर माझी पहिली सही असेल.

माझी मागणी एवढीच. पुढच्या ड्राइव्हचा अर्ज काढाल तेव्हा ती ओळ काढून त्या जागी वरचे प्रश्न टाका. सगळ्या ट्रेल्ससाठी नको. ज्या तुम्ही स्वतःच सोप्या किंवा मध्यम म्हणता तेवढ्यांसाठी. एकदा दोन गाड्यांना जागा देऊन बघा, आणि ताफा किती वेळ कुणामुळे थांबला ते परत आल्यावर वहीत मांडा. आकडे आमच्या विरोधात गेले तर मी मान्य करीन.

तोवर मी माझे हुक, पट्टा, फावडं, हवेचा पंप तपासून ठेवलाय. सहा महिन्यांपूर्वी मागच्या धुरीत लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियलही (एक चाक मोकळं फिरू लागलं तरी दुसऱ्याला काही जोर देणारं) बसवून घेतलंय. पावसाळ्यानंतरची पहिली ड्राइव्ह कधी आहे ते कळवा. मी सकाळी वेळेआधी येईन.

आपला,
मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीचा मालक